यादी लावणाऱ्यांची बाजू

'आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता?' हा प्रश्न साहित्याच्या प्राध्यापकांच्या खोलीत एकदा विचारून पाहावा. चहा घेत बसलेली मंडळी एकमेकांकडे पाहून किंचित हसतात, आणि मग कोणीतरी ज्येष्ठ सांगतात, की कलाकृती म्हणजे काही शर्यतीतले घोडे नव्हेत. झाले, विषय संपला. हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या समाधानाने उच्चारले जाते, की ऐकणाऱ्याला तो एखादा सौंदर्यशास्त्रीय सिद्धांतच वाटावा. आम्ही तिघे मराठीच शिकवतो. आम्हांला तो सिद्धांत वाटत नाही. ती पळवाट वाटते, आणि बरीच जुनी, मळलेली पळवाट वाटते.

चित्रपटाचा नादी माणूस रात्र रात्र भांडतो. 'सामना' वर की 'सिंहासन' वर, 'पिंजरा'ला पहिल्या पंचविसात घ्यावे की नाही, 'कोर्ट'च्या आधी 'फँड्री' आला पाहिजे की नंतर, यावरून त्याची मैत्री तुटायची वेळ येते. त्याच्या या उद्योगाला आमचे व्यवसायबंधू पोरकटपणा म्हणतात. आस्वाद हा अनन्य असतो, तुलना हे बाजाराचे लक्षण आहे, क्रमांक लावणे म्हणजे रसिकतेचा हिशेब मांडणे, वगैरे वगैरे.

पण जरा आपल्याच घरात डोकावू. मराठी काव्याच्या तासाला आपण 'आधुनिक कविपंचक' शिकवतो: केशवसुत, रेव्हरंड टिळक, विनायक, गोविंदाग्रज, बालकवी. पाचच का? सहावा कोण होता आणि तो कोणत्या बैठकीत गळला? नवकथेचे शिलेदार म्हणून गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर ही चार नावे विद्यार्थी पाढ्यांसारखी घोकतात. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ सालची. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. नवकथेच्या प्रकरणात बागुलांची गाठ पडत नाही. त्यांच्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण असते, ते सत्राच्या शेवटी येते आणि बहुधा घाईत उरकले जाते. कोणाला जेवायला बोलावले एवढ्याने भागत नाही. कोणत्या पंगतीला बसवले हेही पाहावे लागते, आणि त्यालाच क्रम म्हणतात.

तेव्हा क्रमवारी आपणही लावतो. फरक एवढाच, की चित्रपटाचा नादी आपली यादी स्वतःच्या नावावर मांडतो आणि शिव्या खातो. आपण आपली यादी परंपरेच्या नावावर खपवतो आणि गुण देतो.

यादी लावण्याच्या या खेळात जगातील सर्वांत जुन्या आणि मानाच्या कौलाकडे पाहू. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारते, की तुमच्या मते आजवरचे सर्वोत्तम दहा चित्रपट कोणते. पहिल्या कौलात डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' पहिला आला. हा चित्रपट १९४८ चा, म्हणजे उणापुरा चार वर्षांचा! 'सर्वकालीन' या भारदस्त शब्दाची इतकी गोड फजिती दुसरी झाली नसेल. ऑर्सन वेल्स यांचा 'सिटिझन केन' (१९४१) त्या वेळी पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ मध्ये तो पहिला आला आणि २००२ पर्यंतच्या पाचही कौलांत तिथेच ठाण मांडून बसला. चाळीस वर्षे! एक अख्खी पिढी अशी वाढली, की तिच्या लेखी 'केन' पहिला असणे ही पृथ्वी गोल असण्यासारखी गोष्ट होती. मग २०१२ मध्ये हिचकॉक यांचा 'व्हर्टिगो' (१९५८) वर गेला, आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान यांचा 'जान दिलमान' (१९७५). स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट पहिल्या क्रमांकावर येण्याला सत्तर वर्षे लागली.

या कौलाची रीत आमच्या टीकाकार मित्रांनी नीट समजून घ्यावी. मत देणाऱ्याने दहा नावे द्यायची. प्रत्येक नावाला एक मत. कोणाला किती मते पडली, एवढीच मोजदाद. २०१२ साली ८४६ जणांनी मते दिली, त्यांपैकी १९१ जणांच्या दहांत 'व्हर्टिगो' होता आणि १५७ जणांच्या दहांत 'केन'. म्हणजे जगातल्या 'सर्वश्रेष्ठ' चित्रपटाचे नाव तीन चतुर्थांशांहून अधिक समीक्षकांनी घेतलेच नव्हते. हा आकडा वाचून काहींना वाटेल, पाहा, यादी खोटी ठरली. आम्हांला उलटे वाटते. पहिल्या क्रमांकामागे एकमत नसते हे ही यादी स्वतःच उघड करून सांगते. कोणी कोणाला मत दिले ते नावानिशी छापले जाते. वाचक ते पडताळू शकतो आणि एखाद्या समीक्षकाचे दहा पाहून त्याच्याशी कायमचे फारकतही घेऊ शकतो. आपल्या अभ्यासक्रमाबाबत असे काही कधी घडले आहे काय?

२०२२ च्या निकालावर गदारोळ झाला. 'टॅक्सी ड्रायव्हर'चे पटकथाकार पॉल श्रेडर यांनी जाहीरपणे म्हटले, की या आकस्मिक झेपेने कौलाची विश्वासार्हताच गेली. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. २०१२ मध्ये पस्तिसाव्या-छत्तिसाव्या क्रमांकाच्या आसपास असलेला चित्रपट दहा वर्षांत पहिला येतो, तेव्हा चित्रपट बदललेला नसतो. मतदार बदललेले असतात. ८४६ चे १६३९ झाले होते. पण यात घोटाळा कोणता? १९६२ मध्येही मतदार बदललेलेच होते. तेव्हा बदललेले मतदार 'जाणकार' ठरले आणि २०२२ मध्ये बदललेले मतदार 'अजेंडेवाले' ठरले. जुन्या मतदारांना निःपक्षपाती समजायचे आणि नव्या मतदारांच्या मागे हेतू शोधायचे, ही खोड मराठी साहित्यव्यवहाराला नवी नाही.

आणि तो चित्रपट तरी काय आहे? ब्रसेल्समधली एक विधवा गृहिणी, तिचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाला जेवू घालते, आणि दुपारच्या वेळी पैशासाठी एखाद्या पुरुषाला घरात घेते. कॅमेरा जागचा हलत नाही. लांबी ३ तास २१ मिनिटे. दुसऱ्या दिवशी बटाटे वाजवीपेक्षा जास्त शिजतात, आणि तेवढ्यावरून पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण एव्हाना त्या घराची घडी आपल्या अंगवळणी पडलेली असते आणि ती घडी मोडल्याचे त्या बाईच्या आधी आपल्याला कळते. आकरमान तेव्हा अवघ्या पंचविशीत होत्या. 'बटाटे सोलण्याचा चित्रपट' अशी या कृतीची थट्टा करणाऱ्यांना आम्ही एकच विचारू इच्छितो: 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर जे गहजब माजले, ते आज आपण वर्गात कोणत्या सुरात शिकवतो? त्या काळच्या आक्षेपकांना हसतोच ना? स्वयंपाकघरात काय घडते हे वाङ्मयाचा विषय होऊ शकते, एवढे ज्यांना मान्य आहे त्यांना ते पडद्यावर अमान्य का व्हावे, हे आम्हांला उमगलेले नाही.

(जाता जाता: भारतातून या यादीकडे पाहणारे बहुतेक लोक फक्त 'पथेर पांचाली' कितवा आला ते शोधतात, जणू पदकतक्ताच आहे. १९९२ मध्ये तो संयुक्तपणे सहावा होता. २०२२ मध्ये पस्तिसावा, आणि पहिल्या शंभरांतला एकमेव भारतीय. यावर अभिमान बाळगणारे भेटतात आणि खंत करणारेही भेटतात. ऋत्विक घटकांना वर आणण्यासाठी आपण स्वतः काय लिहिले, असे विचारणारे फार भेटत नाहीत.)

आता यादी लावणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण त्यांची बाजू घेणे म्हणजे त्यांच्या हाताला हात लावून मम म्हणणे नव्हे.

'सर्वकालीन' हा शब्द त्यांनी सोडून द्यावा. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' हा १९२५ चा मूकपट. कथा नारायण हरी आपटे यांची, सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची. तो शेतकरी रंगवला होता तरुण शांताराम वणकुद्रे यांनी, म्हणजे पुढच्या व्ही. शांतारामांनी. देवादिकांच्या चमत्कारांत रमलेल्या पडद्यावर साधा कुणबी आणि त्याचे कर्ज आणणारा हा चित्रपट भारतीय वास्तववादाचा आरंभ मानला जातो. तो आज उपलब्ध नाही. १९३६ चा बोलपट आहे, आठवणी आहेत. मूळ कृती नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले असे मानतात, आणि त्यांतले उरले ते अगदी मूठभर, तेही पुष्कळदा तुकड्यांत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर एक्कावन्न वर्षांनी. तोवर कित्येक चित्रपटांच्या रिळांमधली चांदी भंगारात विकली गेली होती. जे जपले होते त्यांतलेही काही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत नष्ट झाले. जुन्या नायट्रेट फिती एकदा पेटल्या की विझवता येत नाहीत. तेव्हा 'सर्वकालीन श्रेष्ठ दहा' याचा खरा अर्थ 'आगीतून, भंगारातून आणि हलगर्जीपणातून वाचलेल्यांपैकी, आम्हांला पाहायला मिळालेले दहा' असा आहे. यादीच्या शीर्षकात एवढे लिहिता येत नसेल तर निदान मनात ठेवावे.

पाहायला मिळणे ही गोष्टही साधी नाही. 'व्हर्टिगो' १९७३ च्या सुमारास वितरणातून काढून घेतला गेला आणि १९८३ मध्येच पुन्हा पडद्यावर आला. मौज अशी, की याच दुष्काळात, १९८२ च्या कौलात, तो प्रथमच पहिल्या दहांत शिरला. लोकांनी आठवणीतल्या चित्रपटाला मत दिले होते! उलट 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आज मराठी माणसाच्या प्रत्येक यादीत असतो, त्याचे बरेचसे श्रेय दूरचित्रवाणीवर तो किती वेळा लागला याला आहे. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वर तो बेतलेला आहे हे त्याच्या निष्ठावंत चाहत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मूळ चित्रपट किती जणांनी पाहिला आहे? एक दुर्मीळ असल्यामुळे वाढला, दुसरा सुलभ असल्यामुळे. रसिकाने निदान आपल्या आवडीमागचा हा व्यवहार ओळखावा.

गुणांकांच्या सरासरीने लागणाऱ्या याद्यांबद्दल मात्र आमच्या मनात काडीचीही सहानुभूती नाही. 'आयएमडीबी'च्या अडीचशेंमध्ये 'द शॉशँक रिडम्प्शन' (१९९४) वर्षानुवर्षे पहिला आहे. चित्रपट वाईट नाही. पण तो पहिला का, याचे उत्तर देणारा कोणी माणूसच तिथे नाही. २००८ मध्ये 'द डार्क नाइट' प्रदर्शित होताच काही काळ पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला, आणि 'गॉडफादर'ला मुद्दाम कमी गुण देऊन खाली ओढण्याचे उद्योगही झाले. दहापैकी एक गुण देणारा कारण सांगायला बांधील नसतो. जिथे कारण मागता येत नाही तिथे वाद होत नाही, फक्त खेचाखेच होते. आमचे ज्येष्ठ घोड्यांच्या शर्यतीची उपमा देतात ती इथे लागू पडते. ती सरसकट सगळ्यांना लावणे हा आळस आहे.

आणि या आळसाची किंमत विद्यार्थी मोजतो. चित्रपट आणि साहित्य अशी एखादी अभ्यासपत्रिका असते. आवडत्या चित्रपटावर लिहा म्हटले, की तालुक्याच्या गावातून आलेला मुलगा 'सैराट' (२०१६) लिहितो. शिक्षक हसतात. 'झिंगाट का?' असे विचारतात. मुलगा पुढच्या वेळी शहाणा होतो आणि न पाहिलेल्या 'रोशोमोन'चे नाव लिहितो. दुसऱ्या उत्तरपत्रिकेला पहिलीपेक्षा जास्त गुण मिळतात. इथे त्या मुलाला एकच प्रश्न विचारायला हवा होता: 'सैराट' पहिला का? त्याने कदाचित सांगितले असते, की शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शकाने आवाज काढून घेतला आहे आणि तासभर गाण्यांवर नाचलेल्या प्रेक्षकाला त्या शांततेत सोडून दिले आहे. म्हणजे आधीचे 'झिंगाट' हा त्या शेवटाचाच पूर्वार्ध आहे. असे सांगता आले असते तर ती समीक्षा झाली असती. सांगता आले नसते तर शिकवण्याला जागा मिळाली असती. 'कलाकृतींची तुलना होत नसते' या वाक्याने दोन्ही वाटा बंद होतात. ज्याला तुलना नको त्याला कारणे द्यावी लागत नाहीत, आणि ज्याला कारणे द्यावी लागत नाहीत त्याची आवड हीच अभिरुची ठरते. ही अभिरुची कोणत्या घरांतून, कोणत्या ग्रंथालयांतून आणि कोणत्या आडनावांतून आली, हा प्रश्न मग उपस्थितच होत नाही.

कारणे देणारी निवड कशी असते याचा उत्तम नमुना मराठीतच आहे. अरुण खोपकर यांनी 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) लिहिले तेव्हा त्यांनी 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' हे तीन चित्रपट निवडले. बाकीचे बाजूला ठेवले. हा क्रमच झाला! पण त्या निवडीमागे प्रकाशयोजनेपासून गाण्यांच्या चित्रीकरणापर्यंतचा विचार उभा आहे. वाचकाला पटला नाही तर तो कुठे पटत नाही हे बोट ठेवून दाखवता येते.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. अभ्यासमंडळाने जेव्हा एखादी कादंबरी नेमली असेल, तेव्हा ती कोणी सुचवली, तिच्याऐवजी कोणत्या तीन कादंबऱ्या विचारात होत्या आणि त्या का मागे पडल्या, हे नावांनिशी दोन पाने प्रसिद्ध व्हावे. ती पाने वर्गात पहिल्याच दिवशी वाटली जावीत. विद्यार्थी त्यावर भांडोत. 'रणांगण' (१९३९) लावायची की 'बळी' (१९५०), यावर चित्रपटाच्या नादी माणसाने रात्र जागवली असती. आपल्याकडे इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' एवढेच शब्द असतात. (विश्राम बेडेकरांनी तर स्वतः चित्रपटही दिग्दर्शित केले, यादीच्या दोन्ही बाजूंना त्यांचा हक्क पोचतो.) एकमत इतक्या सहज होते, तेव्हा कोणीतरी वाचलेले नसते असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्यांना नावानिशी लिहा म्हणायचे आणि आपण मोघम राहायचे हे बरे दिसत नाही. आमच्यात मराठी चित्रपटांच्या पहिल्या क्रमांकावरून गेले वर्षभर भांडण आहे. आमच्यापैकी एकीचे मत 'संत तुकाराम'ला (१९३६). १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला म्हणून नव्हे, जिजाईसाठी. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आकाशाकडे पाहतो आणि गौरींची जिजाई चुलीकडे, म्हशीकडे, आजारी पोराकडे पाहते. हातात पायताण घेऊन ती देवाला जाब विचारायला निघते, तेव्हा चित्रपट संतचरित्राच्या चौकटीतून बाहेर पडतो, आणि शेवटी वैकुंठ कोणाला मिळाले व संसार कोणाच्या गळ्यात राहिला हा प्रश्न आपल्या हाती देतो. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले त्यातले एक पद कित्येकांना तुकोबांचाच अभंग वाटले, हा तर भाषेचा पराक्रम. दुसऱ्याचे मत 'सामना'ला. १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला हा चित्रपट. तेंडुलकरांच्या लेखणीतून आणि निळू फुले व श्रीराम लागू यांच्यातून सहकारी साखरेच्या महाराष्ट्राचे असे चित्र त्याने काढले, की पन्नास वर्षांनी मारुती कांबळेची चौकशी अजून अपुरीच वाटते. त्याचा आक्षेप असा, की जिजाई कितीही थोर असली तरी चित्रपटाच्या शेवटी विमान येतेच, आणि विमान आल्यावर प्रश्न उरत नाही. पहिलीचे प्रत्युत्तर असे, की 'सामना'त मास्तर आणि हिंदुराव या दोन पुरुषांनी सगळा पडदा व्यापला आहे आणि मारुती कांबळेला चेहरा मिळाला तोही इतरांच्या बोलण्यातून.

तिसऱ्याने 'सैराट' लिहिले आहे. बाकी दोघांनी त्याला कारण विचारले आहे आणि तो लिहीत आहे. आतापर्यंत अकरा पाने झाली. ती वाचून आमच्यापैकी एकीने आपल्या यादीत 'फँड्री'ला सातव्यावरून चौथ्यावर आणले. 'संत तुकाराम' मात्र पहिल्यावरून हलवायला ती तयार नाही.